नाव ठेवणं

चिलोए बेटावर, बालवाडीच्या खिडकीबाहेर
ओहोटी लागून गेलीय, होड्या चिखलात कुशीवर.
आत शेगडीभोवती ओले मोजे वाळतायत
आणि खाटकाकडून मागून आणलेली खाकी कागदाची गुंडाळी
एदुविना फरशीवर सोडते;
ती घरंगळत थेट दारापर्यंत जाते.

आज बाल्तासारची पाळी.
तो उताणा पडतो, स्वेटर-बुटांसकट,
कोटाचं माप द्यायला आल्यासारखा छाती फुगवून.
"फिरवू का कोळसा?" तो मान हलवतो.
"मानेनं नको. तोंडानं सांग."
"हो."
मग कोळसा निघतो, कानामागून, खांद्यावरून,
बोटांच्या फटींतून, टाचेला वळसा घालून.

तो उठतो. खाली उरतो एक पोकळ पोरगा,
आणि बारा पोरं त्याला नावं द्यायला धावतात.
गुडघा. कोपर. बेंबीवर तर झुंबड.
मिलाराय पोटरी शोधून काढते, रेनातो टाळू.
मग मधोमध एक कोरी जागा राहते
आणि सगळ्यांना एकाएकी खिडकीबाहेरच्या होड्या आवडू लागतात.

ज्या आवाजात म्हणाली होती "हा घोटा"
त्याच आवाजात एदुविना म्हणते, "हे शिश्न.
मुलींना असते ती योनी."
हशा उसळतो. ती अडवत नाही,
किटली निवावी तसा निवू देते,
पुन्हा एकदा म्हणते, आणि लिहिते.
"ही जागा ज्याची त्याची.
आंघोळीला आई. दुखलंखुपलं तर नर्स,
तीही विचारून, घरचं कुणी जवळ असताना.
आणि कुणी म्हणालं, हे आपलं दोघांचं गुपित,
तर ते गुपित लगेच मोडायचं.
माझ्यापाशी मोडा, आजीपाशी मोडा,
पहिल्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्यापाशी."

"बाई, तुमच्या घरी याला काय म्हणायचे?" रायेन विचारते.

एदुविनाच्या क्लोरिंदा मावशीला
वाऱ्याची सहा नावं पाठ होती, बटाट्यांची चाळीस.
महिन्यातून एकदा डॉक्टरची लाँच यायची.
कुठं दुखतं? खाली.
खाली कुठं? तिनं जमिनीकडं पाहिलं.
डॉक्टरनं गुडघे दाबले, मलम दिलं.
पुढच्या महिन्यात पुन्हा खाली, पुन्हा मलम.
तिसऱ्या खेपेला त्याच लाँचनं तिला नेलं,
आणि आणलं ते निराळ्या होडीनं.
मलमाची नळी अजून फडताळात आहे,
सील न फोडलेली.

हे ती मुलांना सांगत नाही.
पाच वर्षांच्या कानांत मावेल तेवढंच सांगते:
"आमच्याकडं नावच नव्हतं. मग पंचाईत व्हायची."

(हे मराठीत लिहिताना ते दोन शब्द
मीही एकदा खोडले, मग परत घातले.
आमच्याकडं नाव ठेवणं आणि नावं ठेवणं
यांत एका टिंबाचं अंतर,
आणि शरीराच्या वाट्याला
बहुतेक वेळा टिंबासकटच आलं.)

चार वाजता पाणी पुन्हा चढू लागतं.
बाल्तासारचा बाप येतो, शिंपल्यांसाठी बुड्या मारणारा,
केसांत अजून मीठ. भिंतीवरच्या कागदासमोर थांबतो.
टाळू. कान. कोपर.
मधे थबकतो. पुढं जातो. घोटा.
"एवढा रुंद नाहीये हा."
"छाती फुगवली होती मी," म्हणत बाल्तासार
बोट लावून सगळं वाचून दाखवतो,
टाळूपासून टाचेपर्यंत, एकही न गाळता.
बाप त्याच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढतो.
"कोपर वाकडं आलंय," एवढंच बोलतो.

पण बाहेर, सरळ होऊ लागलेल्या होड्यांपाशी,
पोराचा हात धरून जाताना
त्याचे ओठ हलताना दिसतात.